कुणाच्या हातचं पिंप

चाखणाऱ्यानं दुसऱ्या बाटलीचं बूच काढलं तशी बाई उठली आणि तिनं खिडकी सताड उघडली.

"लावा ती, मावशी. पाचच मिनिटं. वास उडून जातो."

"वास उडू नये म्हणून मी गुदमरून जाऊ होय?"

"आई," मुलगा म्हणाला.

बाईनं खिडकी लावली, पण अशी लावली की काच थरथरली.

चाळीस वर्षं या कुटुंबानं व्हिस्कीची पिंपं बनवली होती, आणि चाळीस वर्षांत व्हिस्कीचा एक थेंब आवारात आला नव्हता. कुणी नवल केलं की बाई म्हणायची, "शवपेट्या करणारा आधी आत आडवा होऊन बघतो का?" विचारणारा पुन्हा विचारत नसे.

आज इलाज नव्हता. हा माणूस मद्याच्या कारखान्यात चाखायच्या कामावर होता. चार वर्षांपूर्वी भरलेली त्यांची पिंपं तो उघडत होता आणि एकाच शिक्क्याखाली त्याला दोन वेगळे हात लागले होते. ते वर्ष मिस्त्री, म्हणजे बाईचा नवरा, गेला ते. पिंप जोडून झालं की त्याच्या पोटात विस्तव ठेवून आतलं लाकूड भाजायचं, हे काम घरच्याच माणसाचं. त्या वर्षीची काही पिंपं मिस्त्रीनं भाजली होती, बाकीची त्याच्यामागे मुलानं. कुठली कुणाची, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. कारखान्याला आता तीनशे पिंपं हवी होती आणि सगळी एका हातची.

"हे बघा, आडपडदा नको," चाखणारा म्हणाला. "डावीकडची व्हिस्की मी एकटीच बाटलीत भरेन, इतकी चांगली आहे. उजवीकडची दुसऱ्या दहा पिंपांत मिसळून लपवावी लागेल. डावीकडचा हात तुमचा असेल तर ऑर्डर तुमची. वडिलांचा असेल, तर मला दुसरं दार बघावं लागेल."

बाहेर आवारात आठ माणसं पट्ट्या ठोकत होती. ही ऑर्डर गेली तर पुढच्या महिन्यात त्यांना ठोकायला काही उरणार नव्हतं, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

मुलानं डावा ग्लास उचलून एका दमात घशात ओतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"औषध नाही ते," चाखणाऱ्यानं हसून पुन्हा ओतली. "जरा तोंडात राहू द्या."

दुसऱ्यांदा त्यानं तोंडात राहू दिली. मग उजव्या ग्लासातली घेतली. मग पुन्हा डाव्या. बाई त्याच्या जबड्याकडे बघत होती. लहानपणी गणित चुकलं की तो असाच जबडा आवळायचा.

"डावा बाबांचा," तो म्हणाला.

"खात्री आहे?"

"इतकं चांगलं माझ्या हातून होत नाही." त्यानं ग्लास खाली ठेवला. "हवं तर आईला विचारा. चार वर्षं रोज सांगतेय."

खोटं नव्हतं ते. आज सकाळीच ती आठ माणसांसमोर म्हणाली होती, "तुझ्या बापानं हे पिंप सरपणात टाकलं असतं." माणसं खाली मान घालून हसली होती. मुलगा हसला नव्हता. तो हल्ली तिच्याशी भांडतही नसे आणि तेच तिला खुपत होतं.

चाखणाऱ्यानं सुस्कारा सोडून बूच उचललं.

"थांबा," बाई म्हणाली. खुर्ची ओढून ती टेबलाशी बसली. "मला द्या."

"तू?"

"का, माझ्या तोंडाला कुलूप आहे?"

"ते असतं तर बरं झालं असतं," मुलगा पुटपुटला. एरवी तिनं त्याला तिथंच धुऊन काढला असता. आज तिनं ऐकून घेतलं.

चाखणाऱ्यानं दोन स्वच्छ ग्लासांत बोटभर बोटभर ओतली. "नाक आत खुपसू नका, मावशी. ग्लास हनुवटीपाशी धरा आणि तोंड थोडं उघडं ठेवून वास घ्या. नाहीतर नुसता चटका लागतो. घोट अगदी लहान. मग दोन थेंब पाणी घालायचं, जरा थांबायचं आणि पुन्हा घ्यायचं. घाई केली की ती काही बोलत नाही."

"बायकांसारखीच म्हणायची," बाई म्हणाली. पण तिनं सांगितलं तसंच केलं.

डाव्या ग्लासानं आधी नाकात सुई टोचली. ती थांबली. सुई निघाली आणि मागून ऊब आली. रंधा मारलेलं लाकूड, तापलेलं दूध, पावाचा खालचा खरपूस भाग. घोट घेतल्यावर छातीत दिवा लागल्यासारखं झालं. दोन थेंब पाणी पडलं तसं त्या उबेतून कुठूनसं संत्र्याचं साल वर आलं. चाळीस वर्षं लोक याला पैसे का मोजतात, ते तिला त्या घोटात कळलं आणि कळलं याचा थोडा रागही आला.

मग उजवा. वास तसाच, लाकूड तेच. घोट गोड सुरू झाला. पण गिळल्यावर जिभेच्या मुळाशी राख उरली, बारीक आणि कडू.

बाईनं ग्लास खाली ठेवला. टेबलावर उमटलेलं ओलं वर्तुळ तिनं अंगठ्यानं पुसलं. पुन्हा पुसलं.

ही राख तिच्या ओळखीची होती. शेवटच्या दोन महिन्यांतल्या मिस्त्रीच्या प्रत्येक सदऱ्याला ती होती. दोनदा धुतला तरी जात नव्हती.

गप्प राहणं सोपं होतं. मुलानं निवाडा केलाच होता. मेलेल्या माणसाचं नाव झळाळत राहिलं असतं आणि तिचा शब्दही.

"डावा तुझा," ती म्हणाली.

मुलगा हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "आता ऑर्डर जातेय म्हणून माझा? सकाळी सरपण होतं."

"रागावू नका, मावशी," चाखणारा म्हणाला, "पण तुमच्या जागी कुणीही हेच म्हणेल."

"कुणी म्हणणार नाही." तिनं मुलाकडे बघितलं नाही. "तुझ्या बापाला शेवटची तीन वर्षं वास येत नव्हता. आजारानंतर नाक गेलं ते गेलंच. दूध नासलेलं कळायचं नाही त्याला. लाकूड कधी पुरे भाजलं, ते काय कळणार?"

"काहीतरीच. तीन वर्षं बाबा..."

"मी दाराशी बसायचे ना? शिवण घेऊन? लाकडाचा पावासारखा वास सुटला की खोकायचे. मी खोकले की तो विस्तव काढायचा."

बाहेर ठोकणं थांबलं होतं. चहाची वेळ झाली असावी.

"तुला दमा होता," मुलगा सावकाश म्हणाला. "मी तुझ्यासाठी गोळ्या आणायचो."

"ड्रॉवरमध्ये आहेत सगळ्या." बाईनं उजवा ग्लास बोटानं थोडा दूर सारला. "शेवटच्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी दोन महिने तुझ्या ताईकडे राहिले. तेवढी पिंपं त्यानं एकट्यानं भाजली. परत आले तर सगळे कपडे राखेनं माखलेले. मग तो गेलाच. त्या वर्षीची त्याची सगळी पिंपं तीच."

चाखणाऱ्यानं उजव्या ग्लासाचा वास घेतला आणि मान डोलावली.

"म्हणजे तो हात..." मुलगा म्हणाला. "रोज मला ऐकवायचीस तो."

"आधी होताच त्याला हात. सोन्यासारखा होता. लोकांनी तेवढंच लक्षात ठेवावं म्हणून बोलत राहिले. मग सवय लागली."

"आणि मी?"

बाईला आयुष्यभर उत्तर शोधावं लागलं नव्हतं. ते तोंडातच असायचं. आता तिला शोधावं लागलं.

"तुझ्या वेळी मला एकदाही खोकावं लागलं नाही," ती म्हणाली.

मुलगा उठला. खिडकीपाशी जाऊन दोघांकडे पाठ करून उभा राहिला. मग चाखणाऱ्याला म्हणाला, "तीनशे होतील. पहिली पन्नास तीन महिन्यांत. कागद करा." आणि तसाच, न वळता, "आई, उद्यापासून तू भट्टीकडे यायचं नाहीस."

"बरं," बाई म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून इतका सहज निघाला की मुलानं वळून पाहिलं.

चाखणारा कागद काढण्यासाठी टेबल मोकळं करू लागला. डावी बाटली त्यानं जपून पिशवीत ठेवली. उजवा ग्लास उचलून उरलेलं ओतून टाकायला तो मोरीकडे निघाला, तेवढ्यात बाईनं त्याच्या मनगटाला धरलं.

"तो राहू द्या."

"हा कडू आहे, मावशी. तुम्ही पहिल्यांदाच घेताय, चांगला घ्या."

"चांगला कुठला ते कळलं मला," ती म्हणाली. "तो राहू द्या."

तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला, हनुवटीपाशी नेला आणि थांबली. मुलगा टेबलाशी आला, चाखणाऱ्यासमोर बसला आणि कागद वाचू लागला. वाचता वाचता, मान वर न करता, त्यानं पाण्याचा जग तिच्या बाजूला सरकवला.