चार वाजताची वेळ

जर्मनीहून परत आल्यावर आप्पासाहेबांनी पहिली चूक केली ती ही, की त्यांनी लीलाबाईंना फोन करून घरी यायची वेळ मागितली.

"गुरुवारी चार वाजता येऊ का, सिस्टर?"

पलीकडून थोडा वेळ नुसता कुकरचा आवाज येत राहिला. मग लीलाबाई म्हणाल्या, "या की. विचारायचं काय त्यात?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मुकुंदवाडीच्या त्या कॉलनीत वेळ मागून कुणी कुणाकडे जात नाही. दार उघडं असतं, माणूस चप्पल काढतो आणि आत येतो. वेळ मागायची ती दोनच कारणांसाठी. एकतर स्थळाचं बोलायचं असतं, नाहीतर दवाखान्याचा रिपोर्ट वाईट आलेला असतो. आप्पासाहेब अडुसष्ट वर्षांचे विधुर. लीलाबाई बासष्टीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेला. त्यांनी साहजिकच दुसरं कारण धरलं.

या दोघांची ओळख साळूबाईंच्या, म्हणजे आप्पासाहेबांच्या बायकोच्या, आजारपणातली. शेवटचं वर्ष साळूबाई अंथरुणालाच खिळल्या होत्या आणि दोन गल्ल्या पलीकडून लीलाबाई रोज इंजेक्शन द्यायला यायच्या. साळूबाई सिल्लोडकडच्या जमीनदार मराठ्यांच्या घरातल्या, जुन्या वळणाच्या. लीलाबाई बौद्ध. पहिल्या आठवड्यात साळूबाईंनी सिस्टरकडून सुई टोचून घेतली, पण पाण्याचा पेला त्यांच्या हातून घेतला नाही. लीलाबाईंनी तोंड वाकडं केलं नाही, की येणं थांबवलं नाही. शेवटच्या महिन्यात साळूबाई त्यांच्याखेरीज कुणाच्या हातून घोटभर पाणीही घेत नव्हत्या. आप्पासाहेबांनी हे दोन्ही पाहिलं होतं.

साळूबाई गेल्या आणि मग आप्पासाहेबांचं बीपी सुरू झालं. खरं तर बीपी अगदी झकास होतं. इतकं चांगलं बीपी असलेला आणि ते इतक्या वेळा तपासून घेणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा सापडला नसता. दर दोन दिवसांनी ते लीलाबाईंच्या घरी जायचे, दंडाला पट्टा बांधून घ्यायचे आणि चहा प्यायचे. पण त्या घराला कधी एकांत म्हणून नाही. शेजारच्या द्वारकाबाई साखर मागायला येऊन तासभर बसायच्या, कुणी पट्टी बदलून घ्यायला यायचं, कुणी पोराचा ताप बघायला. आप्पासाहेब दहा मिनिटं जगाच्या गुडघेदुखीची चर्चा ऐकायचे आणि घरी यायचे. चार वर्षं अशी गेली. मनातलं एक वाक्यसुद्धा त्या घरात त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं.

उन्हाळ्यात मुलाने, विश्वजीतने, तीन महिन्यांसाठी त्यांना जर्मनीला नेलं. श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात तो आणि सून तनुजा राहतात. दोघं सकाळी कामावर गेले की आप्पासाहेब खिडकीत. रस्ता स्वच्छ, झाडं हिरवीगार आणि माणूस औषधालाही नाही. रविवारी तर विचारू नका. तनुजाने रविवारी मिक्सरसुद्धा दुपारी लावला नाही. भिंतीपलीकडच्यांना त्रास नको म्हणे. आप्पासाहेबांना वाटलं, हा देश सुतकात आहे की काय.

खालच्या मजल्यावर लोरेंझ नावाचे म्हातारे एकटेच राहत. बायको वारलेली, मुलगा लांबच्या शहरात, सणावारी येणारा. आपल्यासारखाच हा, असं म्हणून आप्पासाहेब एका दुपारी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन खाली गेले आणि त्यांनी बेल दाबली. लोरेंझनी दार अर्धं उघडलं, डबा घेतला, मान झुकवली, "थर्सडे, फोर ओ'क्लॉक," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

आप्पासाहेब रागाने लालबुंद होऊन वर आले. संध्याकाळी विश्वजीतला म्हणाले, "मला दारातूनच परत लावलं रे त्यानं. आपल्याकडं भिकाऱ्यालाबी ओट्यावर बस म्हणतात."

विश्वजीत हसला. "आप्पा, परत लावलं नाही. तुम्हाला वेळ दिली त्यांनी."

गुरुवारी ते घुश्शातच खाली उतरले. लोरेंझ इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. आत टेबलावर पांढरं कापड, त्यावर तीन कप, कापून ठेवलेला केक आणि चिनी मातीच्या बशीत त्यांचेच शंकरपाळे नीट ओळीने मांडलेले. टीव्ही बंद, फोन बंद. तिसरा कप होता हिल्डेबाईंचा. त्या त्याच जिन्यावरच्या समोरच्या घरात राहायच्या. पंचाहत्तरीच्या, पांढरे केस कापलेले, हसल्या की डोळे मिटायचे. केक त्यांनीच आणला होता, कोपऱ्यावरच्या सीरियाहून आलेल्या कुटुंबाच्या बेकरीतून. दोन तास कुणी उठलं नाही, कुणी मध्ये आलं नाही. आप्पासाहेबांच्या नोकरीच्या काळातल्या मोडक्या इंग्रजीने आणि हातवाऱ्यांनी गप्पा झाल्या. जिना चढून परत येताना ते मधल्या पायरीवर थांबले. जन्मभर ते शेकडो घरांत गेले होते, पंगतीला बसले होते, पण ते येणार म्हणून कुणी घड्याळाकडे बघत बसलं आहे, असं त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

त्या दिवसापासून गुरुवार ठरून गेला. लोरेंझ आणि हिल्डेबाई नवराबायको नाहीत, हे त्यांना तिसऱ्या गुरुवारी कळलं. दोघांची दारं वेगळी, आडनावं वेगळी, आणि रोज चार वाजता कॉफी एकत्र. साऱ्या जिन्याला माहीत, कुणाला त्याचं काही नाही. आप्पासाहेबांनी चाचरत विचारलं, तुमच्याकडे हे पूर्वीपासून असंच का? लोरेंझ मोठ्याने हसले. त्यांच्या आईच्या काळात विधवेनं काळे कपडे घालायचे आणि पडद्याआडून अख्खी गल्ली तिच्यावर डोळा ठेवायची, म्हणाले. हिल्डेबाईंची मुलगी लग्नाशिवाय जोडीदारासोबत राहायला लागली, तेव्हा हिल्डेबाईच वर्षभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या. हे सांगताना त्या बाईचे डोळे मिटले नाहीत. बदललं ते सगळं आमच्या डोळ्यांदेखत, आणि आमच्याच घरात, म्हणाल्या. आप्पासाहेबांना का कोण जाणे, फार हलकं वाटलं. ही माणसं जन्मतःच अशी नव्हती तर.

विमानात बसायच्या आधी त्यांनी मुलाला लीलाबाईंचं सांगून टाकलं. खाली मान घालून, जमेल तेवढं. विश्वजीतने एवढंच विचारलं, "त्यांना माहितीये?"

"नाय."

"मग मला काय सांगताय आप्पा? त्यांना सांगा."

तर असा हा गुरुवार. सकाळपासून आप्पासाहेबांचं काही खरं नव्हतं. लीलाबाई नाही म्हणाल्या, तर बीपीच्या बहाण्याने मिळणारी दहा मिनिटंही जाणार होती. मग उरणार ते तीन खोल्यांचं घर आणि त्यात टीव्हीशी बोलणारा म्हातारा. तरीही त्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली आणि औरंगपुऱ्यात जाऊन अर्धा किलोचा केक घेतला. बेकरीवाल्याने क्रीमची पिशवी हातात धरून विचारलं, "नाव काय टाकू?" आप्पासाहेब घाबरून म्हणाले, "काय नको. कोराच असू द्या."

बरोबर चारला ते पोचले. दार उघडंच होतं, पण आज त्यांनी कडी वाजवली. आत लीलाबाई कडक साडीत, चेहरा दवाखान्यातल्या ड्युटीवरचा. शेजारी त्यांची मुलगी मेघा, औरंगपुऱ्यातल्या एका ऑफिसात नोकरी करणारी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली.

"बसा काका," मेघा हळू आवाजात म्हणाली. "रिपोर्ट आणलेत का?"

"कसले रिपोर्ट?"

"हे बघा," लीलाबाई म्हणाल्या, "लपवू नका. जे काय आसंल ते लवकर कळालं तर विलाज हाय. का पोराकडं कायमचं चाललात? तसं आसंल तर तसं सांगा." हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज थोडा घसरला. मेघाने आईकडे चमकून पाहिलं.

आप्पासाहेबांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी केकचा डबा टेबलावर ठेवला. "मला काय बी झालं नाय. कुठं बी चाललो नाय. चहाला आलोय."

"मग हा केक? कुणाचा वाढदिवस?"

"कुणाचाच नाय. तिकडं चार वाजले की खातात."

दोघी मायलेकी त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या, की आप्पासाहेबांना पाठ केलेलं भाषण आठवेना. खिडकीबाहेर द्वारकाबाईंची चाहूल लागली. मेघा उठली, दारात जाऊन म्हणाली, "मावशी, आज पाहुणे आहेत, उद्या या," आणि तिने दार लोटलं. त्या घराचं दार दिवसाढवळ्या लोटलेलं आप्पासाहेब पहिल्यांदाच पाहत होते.

मग ते बोलले. लोरेंझ आणि हिल्डेबाईंचं सगळं सांगितलं. चार वाजताची कॉफी, दोन दारं, पडद्याआडची गल्ली. आणि शेवटी, एका शनिवारी त्या दोघांबरोबर ते कुठे गेले होते तेही.

"तिकडं कबरस्तान बागेसारखं असतं, सिस्टर. दर शनिवारी दोघं झारी घेऊन जातात. हिल्डेबाईंच्या नवऱ्याच्या दगडावर त्यांचं स्वतःचं नाव आत्तापासून कोरून ठेवलंय. नावापुढची तारखेची जागा रिकामी. त्या तिथंच जायच्यात, नवऱ्याशेजारी. आणि लोरेंझ आपल्या बायकोशेजारी. ते ठरलेलं हाय, त्यात बदल नाय. पण पाणी घालताना मी काय बघितलं, तर लोरेंझ हिल्डेबाईंच्या नवऱ्याच्या फुलांना पाणी घालत होता, आणि ती त्याच्या बायकोच्या. वाळकी पानं काढत होती, घरच्या तुळशीची काढावी तशी. मी तिथं बाकड्यावर बसलो आणि मला रडू आलं."

लीलाबाईंनी पदर सारखा केला.

"मला आता बीपीसाठी यायचं नाय," आप्पासाहेब म्हणाले. "तुमच्यासाठी यायचंय. सांगून, वेळ ठरवून, लोकांना दिसंल असं. लग्नाबिग्नाचं म्हणत नाय मी. तुमचं घर तुमचं, माझं माझं. नाय म्हणालात तर राग नाय."

"काका," मेघा म्हणाली, "तुमच्या भावकीला कळलं तर काय होईल, माहितीये ना? तुम्हाला काही म्हणणार नाहीत ते. आईला म्हणतील."

"तुझं खरंय पोरी. म्हणून तर तू हायस तेच बरं झालं. कुणी तिला वाकडं बोललं, तर मी त्याच्या दारात जाऊन उभा राहीन. सिल्लोडला सासुरवाडीत जावं लागलं तरी. एवढं मी आज तुझ्यासमोर बोलतो."

मेघा उठली. तिने आतून सुरी आणि तीन बशा आणल्या.

लीलाबाई मात्र खिडकीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हिच्या बाबांना, पुंडलिकला, तुम्ही कधी बघितलं नाय."

"नाय," आप्पासाहेब म्हणाले.

"लई हसवायचे. लग्न झालं तेव्हा मी शिकाऊ नर्स. नाइट ड्युटी सुटायची पहाटं, तर हे सायकल घेऊन गेटपाशी. थंडीत. दोन कप चहा थर्मासात, आणि मला म्हणायचे, पेशंट आलाय, लवकर बघा." त्या हसल्या. मग सांगतच राहिल्या. पुंडलिक ढोल कसा वाजवायचे, जयंतीच्या मिरवणुकीत पोरीला खांद्यावर घेऊन कसे नाचायचे, पगार झाला की रिक्षा करून सिनेमाला कसे न्यायचे. मेघा सुरी हातात घेऊन तशीच बसली होती. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्यानंतर आईने घरात त्यांच्या फोटोला हार घातला, पण त्यांच्याबद्दल एवढं सलग कधी बोलली नव्हती. चहा गार झाला, तो मेघाने दुसऱ्यांदा केला.

उजेड कलला तसे ते उठले. हो किंवा नाही अजून आलं नव्हतं, आणि विचारायचं धाडस आता त्यांच्यात उरलं नव्हतं. ते दाराशी पोचले तेव्हा लीलाबाई मागून म्हणाल्या, "रोज जमायचं नाय मला. मंगळवारी आणि शुक्रवारी या. चारला."

"उद्या शुक्रवारच हाय," आप्पासाहेब म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"माहिती हाय मला," लीलाबाई म्हणाल्या. "उद्या साळूबाईंचं सांगा. मी त्यांना आजारीच बघितलं. धडधाकट होत्या तेव्हा कशा होत्या, काय बोलायच्या, कशानं हसायच्या, ते मला काहीच ठाऊक नाय."

आप्पासाहेबांनी नुसती मान हलवली आणि ते बाहेर आले. ओट्यावर त्यांना आपली चप्पल दिसेना. समोरच होती ती.