एक्केचाळीस मिलिमीटर

हेरतचा डावा कान अर्धाच आहे. दुसरा अर्धा माझ्या धाकट्या भावाने, रणबंडाने, आठ वर्षांपूर्वी दातांनी तोडला आणि पाटाच्या पाण्यात थुंकला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर लोक दुष्काळावर फोडतात. आमच्या भागात दुष्काळ दर चार-पाच वर्षांनी येतो आणि सगळ्याच गावांत येतो.

कान तुटला तो वाटणीवरून. आमच्या दिवुलवेव गावचं तळं कमी भरलं की सगळं शेत पेरायचं नाही, हा आमच्याकडचा फार जुना रिवाज. बांधाजवळचा वरचा तुकडा तेवढा भिजवायचा आणि त्या हंगामापुरता तो सगळ्या घरांत चिठ्ठ्या टाकून वाटायचा. ज्याची जमीन पाटाच्या पार शेपटाला आहे त्यालाही वर एखादा वाफा मिळतो आणि चुली पेटत राहतात. ऐकायला हे फार गोड वाटतं. पण वरची सगळ्यात चांगली दीड एकर रणबंडाची, आणि त्या वर्षी तिच्या मधोमधचा वाफा हेरतच्या चिठ्ठीत निघाला. कापणी झाल्यावर हेरतने वाटणीसाठी मोडलेले बांध परत घातलेच नाहीत. रणबंडा त्याच्याशी बोलायला गेला आणि ते बोलणं दातांवर आलं.

मी कलुबंडा. तीस वर्षं मी माझ्या अंगणातला पाऊस आणि या तळ्याचं पाणी मोजत होतो. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतायचं, मग बांधावर जाऊन मोरीजवळची पातळीची पट्टी वाचायची आणि दोन्ही आकडे फोनवर कोलंबोच्या पाटबंधारे कचेरीला सांगायचे. शनिवारी त्यात पिकाची स्थिती घालायची. पट्टी वाचायची तर कमरेइतकं पाण्यात उतरून लाट बसेपर्यंत उभं राहावं लागतं. बांधावरून बघणाऱ्याला लाटेचा माथा दिसतो, पाणी दिसत नाही. गावातला प्रत्येक जण बांधावरूनच बघायचा आणि मग माझ्याशी हुज्जत घालायचा. मला ते पाऊससाहेब म्हणत, आणि त्यात आदर काडीचा नव्हता.

एप्रिलमध्ये नवं वर्ष झालं की हंगामाची बैठक बसते. बांधावर तळ्याच्या देवाचं, अय्यनायकाचं, झाड आहे. त्याच्या बुंध्याला हात लावून मी आकडे बोलायचे आणि त्यावर गावाने ठरवायचं. पाणी सात फूट असेल तर सगळं शेत पेरायचं. सातच्या खाली असेल तर महिन्याभराचा पाऊस बघायचा. तो पन्नास मिलिमीटरच्या वर असेल तरीही सगळं शेत, नाहीतर वाटणी. त्या वर्षी बैठकीच्या आदल्या दिवशी पाणी होतं सहा फूट दहा इंच आणि पाऊस होता बावीस.

रणबंडा संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. आमची घरं समोरासमोर, अंगण एक आणि विहीरही एकच. नववर्षाला मी त्याला फावड्याचा नवा दांडा करून दिला होता. मुठीच्या जागी चार बोटांच्या खाचा आणि टोकाला पितळी कडं. वडिलांच्या फावड्याला होतं तसंच. तो दांडा मांडीवर घेऊन तो ताडगुळाचा खडा चघळत कोरा चहा प्यायला.

"बावीस म्हणजे वाटणीच ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

"हेरत माझ्या वाफ्यात उतरला तर यंदा कानावर भागणार नाही, दादा. मी त्याचं डोकं फोडीन आणि तुरुंगात जाईन. तू आणशील मला तिथे डबा."

तो उगाच बोलत नव्हता. लहानपणी मी त्याला एका कोल्ह्याला दगडाने ठेचताना पाहिलं आहे. कोल्हा मेल्यावरही त्याचा हात थांबला नव्हता.

सकाळी उठून मी पर्जन्यमापक उघडला आणि आतली बाटली जवळजवळ अर्धी भरलेली. नळीत मोजलं तर एक्केचाळीस मिलिमीटर. अंगणात धूळ होती तशी कोरडी. कुंपणापासून पायरीपर्यंत मुंग्यांची रांग जराही न मोडता चालली होती. मी बोट बुडवून जिभेवर ठेवलं. पावसाचं पाणी अळणी असतं. हे मचूळ होतं, आमच्या विहिरीचं.

समोरच्या दारात रणबंडा उभा होता. तो माझ्या हातातल्या नळीकडे बघत होता. बैठकीला अर्धा तास उरला होता. मी वहीत एक्केचाळीस लिहिलं, कोलंबोला एक्केचाळीस सांगितलं आणि देवाच्या झाडाला हात लावून गावापुढे आधीचे बावीस धरून त्रेसष्ट बोललो.

लोक चकित झाले. कुणी म्हणालं, आमच्याकडे तर एक थेंब पडला नाही. मी म्हटलं, पहाटेची सर होती, माझ्याच अंगणावर पडली असेल, पाऊस काय घरं मोजून पडतो? सगळे हसले आणि हसणाऱ्यांत हेरतही होता. वाटणी टळली आणि शेपटाच्या लोकांनीही आपापल्या रानात बी टाकलं. माझ्या मनाला मी समजावलं की मोठ्या धरणातून कालव्याने हंगामात तीन पाळ्या पाणी येतं, तेवढ्यावर निभेल.

तीस वर्षं मी कोलंबोला आकडे दिले, पण तिथे त्यांचं काय होतं हे एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, ते एका जाड पुस्तकात जातात आणि पुस्तक कपाटात जातं.

जूनअखेर दुसरी पाळी संपली. तिसरीची तारीख लागेना, म्हणून मी फोनवरच्या निरोषा मिसना विचारलं. सहा वर्षं रोज बोलत होतो, तोंड कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या की यंदा धरणातच पाणी कमी आहे, त्यामुळे तिसरी पाळी फक्त एप्रिलात पन्नासच्या आत पाऊस झालेल्या तळ्यांना. "तुमच्याकडे त्रेसष्ट झाला होता ना, मामा? सगळ्या तालुक्याच्या नकाशात तुमचं एकच गाव हिरवं आहे," असं त्या हसून म्हणाल्या.

मी फोन ठेवला आणि वहीतलं अठरा एप्रिलचं पान काढून बसलो.

भात पोटरीला आलं होतं. या वेळी पाणी तुटलं की दाणा भरत नाही, नुसती फोलं हाती येतात. तळ्यात उरलेलं पाणी वरच्या तुकड्याला कसंबसं पुरलं असतं, शेपटाला नाही. एका फोनवर पाणी येऊ शकत होतं. पण आकडा खोटा होता म्हटलं की कुणी ओतलं हा प्रश्न येणार, आणि ओतणाऱ्याला गाव जिवंत ठेवणार नाही. मी रणबंडाला सांगितलं. तो म्हणाला, "तू तोंड उघडलंस तर मी मेलोच. बघ, तुझं तू ठरव." मी काही ठरवलं नाही. दर शनिवारी पिकाच्या रकान्यात 'बरी' लिहीत राहिलो.

मग रात्रंदिवस पाटावर पहारे बसले. वरच्यांनी चारीची तोंडं दगड-मातीने बुजवली आणि खालच्यांनी ती फोडली. एका सकाळी रणबंडाचा रेडा पाटात पडलेला सापडला. मागच्या दोन्ही पायांच्या नसा कुणीतरी कोयत्याने तोडल्या होत्या आणि तो पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत हंबरत होता. रणबंडानेच त्याच्या कपाळात घाव घालून त्याला संपवलं. दुपारी त्याने हेरतची राखणीची झोपडी पेटवली. हेरतची बायको डिंगिरी आत आहे हे त्याला माहीत नव्हतं, असं तो म्हणतो. ती बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत भाजले होते आणि कातडी लोंबत होती.

तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी साठ-सत्तर माणसं पाटाच्या दोन काठांवर कोयते आणि फावडी घेऊन उभी राहिली. मी कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. पट्टीवर तीन फूट दोन इंच. खालून आरडाओरडा ऐकू येत होता आणि मला डिंगिरीचे हात दिसत होते. तिथूनच मी फोन लावला.

"मिस, एप्रिलची अठरा तारीख. एक्केचाळीस खोटे आहेत. त्या दिवशी पाऊस शून्य."

मग त्या म्हणाल्या, "मामा, काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? नोकरी जाईल तुमची."

"पाणी येईल का तेवढं सांगा."

त्यांनी मला फोन चालू ठेवायला सांगितला. पाण्यात उभ्या उभ्या माझे पाय बधिर झाले. वीसेक मिनिटांनी त्या परत आल्या. साहेबांनी मान्य केलं होतं, पण मी लेखी द्यायला हवं होतं. दरवाजा आत्ता उघडतील, पाणी अंधार पडायच्या आत पोचेल. मी बांधावर चढलो आणि धावत सुटलो.

मी पोचलो तोवर पहिलं फावडं चाललं होतं. वरच्या काठावरच्या एकाची तीन बोटं गवतात पडली होती आणि तो ती शोधत होता. हेरतच्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरत होतं. रणबंडा पाटाच्या मध्यात पाय रोवून उभा होता. मी दोघांच्या मधे घुसलो आणि ओरडून सांगितलं की पाणी येतंय, संध्याकाळपर्यंत येतंय, सगळ्यांना पुरेल.

हात खाली आले. हेरतने बाहीने डोळे पुसले आणि विचारलं की पाळी तर रद्द होती, मग आता कशी मिळाली. तो नेहमीच हुशार होता. मी खरं ते सांगितलं, की एप्रिलचा पाऊस खोटा होता.

"कुणी ओतलं?"

रणबंडाचे ओठ पांढरे पडले होते. मला तो चार वर्षांचा दिसला, ताप आलेला, माझ्या पाठीवर.

"मी," मी म्हटलं. "भावाची जमीन वाटू नये म्हणून."

पहिली थोबाडीत हेरतने दिली. त्यानंतर कुणी कुठे मारलं हे मला सांगता येणार नाही. लाथा होत्या, फावड्यांचे दांडे होते, एक दगड होता. देवाच्या झाडाला हात लावून खोटं बोललास, असं कुणीतरी म्हणत होतं आणि दर शब्दाला एक लाथ घालत होतं. माझे दात चिखलात पडले. वरचेही मारत होते आणि खालचेही, तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं. मग हेरतने सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, सुटलो. पण तो रणबंडाकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"नाही," रणबंडा म्हणाला.

"मग उभा काय राहिलास? तुझंही पीक याने जाळलंच होतं."

मी कुशीवर पडलो होतो आणि एक डोळा मिटला होता. उघड्या डोळ्याला चिखलातून येणारे पाय दिसले, आणि मग वर गेलेला दांडा. उन्हात पितळी कडं चमकलं. दोन घाव होते, दोन्ही उजव्या गुडघ्यावर. पहिला हेरतला दाखवायला असेल असं मी मानतो. दुसऱ्याचं मला आजही कळलेलं नाही.

तालुक्याच्या हॉस्पिटलात मला जाग आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. पायथ्याशी रणबंडा थर्मास घेऊन बसला होता. दिवेलागणीला पाणी आलं, शेपटापर्यंत पोचलं, असं त्याने सांगितलं. मग बराच वेळ तो चादरीची किनार चुरगाळत राहिला.

"हेरत बघत होता, दादा. मी मारलं नसतं तर त्याला कळलं असतं."

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. त्याचा गळा दाबावा असं वाटलं, पण हात प्लास्टरमध्ये होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ झाले होते.

"पट्टी वाचून ये," मी म्हटलं. दातांशिवाय शब्द नीट फुटत नव्हते. "नवा माणूस येईपर्यंत कुणीतरी वाचायला हवी. साडेआठला."

तो मोटारसायकलवरून गेला. तो जाईल असं मला वाटलं नव्हतं. आठ पस्तीसला नर्सने फोन माझ्या कानाला लावला.

"तीन फूट नऊ," रणबंडा म्हणाला.

"खाली उतरलास का?"

"कमरेइतका. वरून चार दिसत होतं." मग म्हणाला, "लाट बसेपर्यंत उभा राहिलो."

मी नर्सला कोलंबोचा नंबर लावायला सांगितला. निरोषा मिसनी फोन उचलला आणि कोण बोलतंय हे विचारलंच नाही. मी म्हटलं, पातळी तीन फूट नऊ. त्यांनी विचारलं, हा आकडा खरा आहे का, मामा?

हो म्हटलं. ज्याने आणला त्याच्याशी मी पुन्हा आयुष्यात बोललो नाही, पण आकडा खरा होता.