उजव्या प्लगने पाहिलेलं ऊन

मी एक स्पार्क प्लग बोलतोय. बोटभर उंची, खाली आटे, वर पांढरी चिनी माती आणि टोकाला केसभर फट. त्या फटीतून वीज उडी मारते, पेट्रोल पेटतं आणि मोटारसायकल पळते. एवढंच माझं काम, पण मिनिटाला दोन-तीन हजार वेळा. अकरा वर्षं ते केलं, तरी प्रत्येक ठिणगीचं मला नवल वाटायचं. एवढ्याशा फटीत एवढा उजेड मावतो कसा?

आमच्या गाडीला प्लग दोन. डावा ओटीवर बसलेल्या पाहुण्यासारखा, वरची रबरी टोपी काढली की लगेच हाताला लागणारा. मी उजव्या अंगाला, टाकीखाली, फ्रेमच्या नळीआड, एका अरुंद खोल खळग्यात. माझं अर्धं अंग आगीत आणि अर्धं टोपीखालच्या काळोखात. बाहेरचं मला काही दिसत नसे. पण लोखंडातून आवाज फार छान येतात, त्यामुळे माणसं मला ऐकून ठाऊक होती.

२००४ सालच्या दसऱ्याला दयारामने ही गाडी पनवेलच्या कोळीवाड्यात आणली. रोज उजाडायच्या आत उरणजवळच्या करंजा बंदरावर जायचं, बर्फातली मासळी पोत्यात भरून टाकीवर आडवी टाकायची आणि बायको गंगाबाई बाजारात पाटी मांडून बसायच्या आत परत यायचं. पोत्यातलं खारं पाणी वाटभर ठिबकायचं. ते नेमकं माझ्या खळग्यात साचायचं.

दर दसऱ्याला गाडी धुतली जायची. हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाशी नारळ. मग काशीराम मेकॅनिकच्या गॅरेजात तिला नवा प्लग बसायचा. "देवीला नवी साडी, गाडीला नवा प्लग," दयाराम हसून म्हणायचा. पण तो प्लग डावा. माझ्याकडे कधी कुणी वळलंच नाही.

त्यामुळे मला दरवर्षी नवा शेजारी मिळायचा. मी त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचो, "बाहेर काय असतं रे?"

"ऊन असतं," ते सांगायचे. "उजेडच, पण जाळत नाही. पनवेलचं जरा भाजतं, एवढंच."

न जाळणारा उजेड? मला ते पटायचं नाही. मी जन्मात पाहिलेला प्रत्येक उजेड जाळणाराच होता.

हळूहळू माझं टोक झिजलं, फट वाढली, आट्यांना गंज धरला. गाडी खाडीपुलाच्या चढावर मिसिंग मारू लागली, ठोके चुकवू लागली. पुढे पुढे तर अर्ध्या चढावर बंदच पडायची. काशीरामने डावा प्लग दोनदा बदलला, कार्बोरेटर धुतला आणि शेवटी सांगून टाकलं, "इंजिन गेलं दयाराम. विकून टाक."

दयारामने पळस्प्याच्या भंगारवाल्याला शब्द दिला. रविवारी दुपारी तो टेम्पो घेऊन येणार होता.

आणि सोमवारी सकाळी सात वाजता दयारामच्या मुलीला, समृद्धीला, उलव्याच्या एका बांधकामावर कामाला रुजू व्हायचं होतं. तिने सिव्हिलचा डिप्लोमा केला होता आणि ही तिची पहिली नोकरी होती. त्या वेळेला कोळीवाड्यातून तिकडे जायला गाडीशिवाय साधन नव्हतं. गाडी गेली की नोकरीही जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. दयारामला त्याचं फारसं वाईट वाटत नसावं. "साइटवर उन्हातानात कशाला? बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर," असं तो महिनाभर म्हणत होता.

शनिवारी समृद्धी गाडी ढकलत गॅरेजात आली. तिचा आवाज माझ्यापर्यंत खणखणीत पोचला.

"काशीकाका, हिला दोन प्लग आहेत. तुम्ही एकच बदलता. का?"

"आतला कधी जळत नाय."

"कधीच जळत नाही म्हणजे काय? बघितलाय तुम्ही कधी?"

"तुज्या वयापेक्षा जास्त गाड्या खोलल्यात मी."

"खोलल्यात. पण आतपर्यंत नाही!"

काशीरामने हातातला पाना खणकन पेटीत टाकला. मग एवढंच म्हणाला, "त्याला हात लावू नकोस, पोरी."

तिने गाडी वळवून घरी नेली. अंगणात दयाराम जाळं शिवत बसला होता.

"बाबा, मी आतला प्लग बदलते. त्यानंतर गाडी पूल चढली तर भंगारवाल्याला परत पाठवायचं."

"आनि नाय चढली तर?"

"तर मी बँकेचा फॉर्म भरीन. गप गुमान."

"तू आनि गप गुमान?" गंगाबाई चुलीपाशी फिसकन हसली. पण बापलेकीचं ठरलं.

तिने माझ्या खळग्यात रॉकेलचे थेंब सोडले आणि रात्रभर मुरू दिले. रविवारी सकाळी टाकी उतरवली, सायकलच्या पंपाने माझ्याभोवतीची माती उडवली. मग पाना लावला. पाना जाडा निघाला, खळग्यात शिरेचना. तिने तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा बोटं सोलवटली, आणि पाना आदळून तिने ज्याने हे डिझाइन केलं त्याचा उद्धार केला.

तेवढ्यात अंगणात काशीरामच्या चपला वाजल्या.

"हा घे," तो म्हणाला. "कानशीने घासून बारीक केलेला हाय. मीच केलाय, दहा वर्षांमागं. एकदाच वापरला. विचुंब्याच्या एका मास्तरांची गाडी होती. जोर लावला, अर्धा प्लग हातात आला, अर्धा आतच राह्यला. इंजिनाचं अख्खं हेड गेलं. मास्तर काय बोलले नाय. पन तवापासून मी आतल्याला हात लावला नाय कोनाच्या."

समृद्धीने तो पाना हातात घेतला. मी तर पार गारठलो. मी मोडलो तर हेड जाणार, गाडी भंगारात जाणार आणि या पोरीची नोकरीही. अकरा वर्षं मला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता सगळं माझ्या आट्यांवर आलं होतं.

बारीक पाना मला घट्ट बसला. समृद्धीने जोर लावला. मी हललो नाही. माझी इच्छा होती हो, पण गंजाने धरून ठेवलं होतं. तिने पान्याच्या दांड्यावर लांब नळी चढवली, पाय रोवले.

"थांब." दयारामचा हात तिच्या हातावर आला. "माशाने गळ गिळला तर कसा सोडवतंस?"

"बाबा, मासा नाहीये हा!"

"सांग तरी."

"गळ आधी आत ढकलायचा. काटा सुटला की..." ती बोलता बोलता थांबली.

"मंग ह्याला का एकदम उलटा ओढतंस?"

तिने नळी काढून ठेवली. नुसत्या पान्याने मला आधी जरासं आत आवळलं, अगदी ओझरतं. कट्. माझ्या अंगातला गंज तडकला. मग थोडं बाहेर. परत आत. रॉकेलचा थेंब. परत बाहेर. मी आयुष्यभर आग पाहिली, स्फोट पाहिले. पण इतक्या हळू हाताने कुणी मला वागवलं नव्हतं. अर्धा तास ती केसाकेसाने मला सोडवत होती आणि दोन म्हातारे श्वास धरून बघत होते.

आणि मी बाहेर आलो.

काय सांगू? सगळीकडे उजेड होता. तुळशीवर, जाळ्यावर, गंगाबाईच्या पितळी कळशीवर. तो कुणालाच जाळत नव्हता. माझ्यावर पडला, तरी मी जळलो नाही. शेजारी खरं सांगत होते.

समृद्धीने मला तळहातावर घेतलं. टोक पार झिजून गोल झालेलं, आटे तांबडे. म्हाताऱ्यांना ऐकवायला तिने रात्रीपासून काहीतरी धारदार योजून ठेवलं असणार. पण माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "एवढासा आहे. अकरा वर्षं हा आपल्याला ओढत होता."

काशीरामने दोन्ही हातांनी कान धरले.

नवा प्लग बसवायच्या आधी गंगाबाईने त्याला हळदकुंकू लावलं आणि मलाही. "दसरा नाय आज," ती म्हणाली, "पन ह्याच्या वाट्याला कधी आला होता?"

पुलावर मी दयारामच्या खिशात होतो. तो मागे बसला होता, समृद्धी चालवत होती. चढ लागला तसं खिशाआडचं त्याचं काळीज इंजिनापेक्षा जोरात धडधडू लागलं. निम्मा चढ गेला. जिथे गाडी मरायची ती जागाही गेली. वर पोचलो तेव्हा दयारामला समोरून भंगारवाल्याचा टेम्पो येताना दिसला. दयारामने मागूनच हात हलवला, "परत जा रे बाबा! गाडी पोरीची हाय!"

आता माझं काय? जुन्या प्लगला दुसरं काम नसतं, असं मला वाटायचं. पण दयारामने मला आपल्या गळाच्या दोरीला बांधलं, शिशाच्या वजनाच्या जागी. सोमवारी संध्याकाळी पुलाखाली बसून त्याने मला खाडीत सोडलं. जन्मभर आगीत राहिलेला मी, अलगद पाण्यात उतरलो. हिरवा गारवा, अंगावरून जाणारी बारकी कोळंबी. जगात इतकं काही असतं, आणि मी एका खळग्यात बसून सगळं पाहिल्याच्या तोऱ्यात होतो.

दयाराम मासे धरायला आलाय असं सांगतो, पण त्याचा कान पुलाकडे आहे.

आणि तो आवाज आला. उलव्याहून परतणारी गाडी चढ चढतेय, एकही ठोका न चुकवता. दोन ठिणग्या, एका दमात. वरून कुणीतरी ओरडलं, "बाबा! चला घरी, भूक लागलीय!"

तुमच्या गाडीला दोन प्लग असतील, तर यंदाच्या दसऱ्याला दोन्ही उघडा. आतल्यालाही. फक्त जोर लावू नका; आधी थोडं आत, मग बाहेर.

दोरी ताणली गेली. मी वर चाललोय. वर अजून ऊन असेल.