कुळथाचा भुसा

"दादानू, टोपली हाडू मा?"

तुळसाने सूप खाली ठेवले आणि पदराने तोंडावरची धूळ पुसली. कुळीथ झोडून, वारवून झाला होता. खळ्याच्या एका अंगाला दाण्यांची रास, दुसऱ्या अंगाला टरफलांचा आणि वाळक्या वेलांचा ढीग. आचऱ्यातल्या भिकाजीच्या खळ्यावर ती वर्षानुवर्षे कुळीथ झोडायची आणि मजुरी म्हणून तो भुसाच न्यायची. नवरा शिवा गलबतावर गेला तो परतलाच नाही. मागे राहिली एक गाय आणि तिच्या दुधावर चालणारी चूल. भाताचा पेंढा फाल्गुनात संपे. पुढे पावसापर्यंत गायीला हा भुसाच तारी. पेजेच्या पाण्यात भिजवून वर मीठ भुरभुरले की ती टोपली चाटूनपुसून साफ करी.

बांधावर बसलेल्या भिकाजीने तिच्याकडे पाहिले नाही.

"औंदा भुसो तुका गावाचो नाय गो, तुळसा."

"कित्या?"

"डोंगरार काजीची लागवड झाली, कुंपण पडलां. फांदे तोडून टाळ खंयसून हाडू? भाताच्या तरव्याची जमीन भाजूक कायतरी व्हया मा."

"गाय गाभण आसा, दादानू."

"म्हायत आसा माका." तो जमीन उकरत राहिला. "पण भात नाय पिकला तर पोरांका काय घालू?"

त्याचे खोटे नव्हते. तो मजुरी म्हणून पायलीभर कुळीथ देऊ लागला, तो तिने पदरात घेतला आणि ती घरी आली.

चैत्रात भिकाजीने भुसा पसरून तरव्याची, भाताच्या रोपांची, जमीन भाजली. धूर वाऱ्याबरोबर तिच्या गोठ्यात आला तेव्हा गाय मान उंचावून हुंगत राहिली.

तुळसाने फणसाची पाने घातली, बांधावरचे गवत खरवडून आणले. मजुरीचा कुळीथही शिजवून घातला, पण तो किती पुरणार! अखेर ती छपरावर चढली.

"गो, छपराचा गवत काढतंस?" शेजारची हौसाबाई खालून ओरडली. "पावसात खंय ऱ्हवतलंस?"

"पावस इलो की बघूया."

धुराने काळे पडलेले ते गवत गायीने एकदा तोंडात घेतले आणि टाकून दिले. वैशाखात ती बसली, ती उठेना. पोटातले वासरू हलायचे थांबले, हे तुळसाच्या हाताला कळले. दुसऱ्या दिवशी गायीचे रवंथही बंद पडले.

त्याच दुपारी भिकाजी आला. एका हाताने दुखरा गुडघा धरलेला, डोक्यावर अर्धी टोपली भुसा.

"भाजतना थोडो बाजूक काढून ठेवललो," तो धापा टाकत म्हणाला. "आधीच हाडूक व्हयो होतो. खाता मा गो ती?"

तुळसाने त्याच्या घामेजल्या तोंडाकडे पाहिले.

"खाता तर," ती म्हणाली. "तुमच्या कुळथाचो भुसो ती सोडात?"

तिने मूठभर भुसा घेतला, गायीचा जबडा हळूच उघडून आत सारला आणि जबड्याखाली तळहात धरून ठेवला. भिकाजी बघत होता. त्याचा चेहरा जरा सैलावला.

"पोटात गेलो की उठतली बघ."

"होय, दादानू. तुमी जावा आता. ऊन मरणाचा आसा."

तो लंगडत निघाला. कुंपणापाशी वळून त्याने पाहिले, तेव्हाही तिचा हात तिथेच होता. तो माडांआड गेल्यावर तुळसाने बोट घालून गायीच्या जिभेवरचा कोरडा भुसा अलगद बाहेर काढला.