मीनानंदाचा पांढरा दोरा

उचगावच्या त्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं काचेच्या बरण्या मांडीवर घेऊन बसली होती. प्रत्येक बरणीत एक एंजल मासा. एखाद्या माशाच्या पोटाखालून पांढरा दोरा लोंबायला लागला की अख्खा हॉल हात जोडायचा. मी, बुद्धभूषण, याच गावात बारा वर्षं शोभेचे मासे विकतो. पण माशाच्या शौचाला नमस्कार करणारी माणसं मी तिथंच पहिल्यांदा पाहिली.

समोर मीनानंद महाराज. निळी कफनी, गळ्यात शिंपल्यांची माळ, कानाला माईक.

"पाण्याला स्मरणशक्ती असती, पावणं. मी मंत्र घातला की तुमचा रोग पाण्यातनं माशात उतरतो आन दोरा हून भाईर पडतो. आठव्या दिवसापास्नं माझा अंगारा माशाला चारायचा. दोरा थांबला, मासा भरला, की तुमी बरं झाला. मग डॉक्टर कशाला पायजे?"

टाळ्या पडल्या. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांत दोन शिक्षक होते.

पुढच्या रांगेत माझ्या मित्राची, वृषभची आई बसली होती. अक्काताई. साखरेचा जुना आजार, रोज इन्सुलिन, पायाच्या बोटाला न भरणारी जखम. त्या बाईनं अकरा दिवस सुई टोचून घेतली नव्हती. जैन घर, कोंबडं मागणाऱ्या देवऋषाला त्यांनी दारातूनच हाकललं असतं. हा लबाड मात्र जीव मारायला नाही, जीव पाळायला सांगत होता. "ह्यात हिंसा कुठं हाय?" असं त्या मलाच विचारायच्या. आता त्यांच्या माशाचा दोरा थांबला होता, म्हणून सुई कायमची बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं. वृषभ रडकुंडीला येऊन माझ्याकडे आला.

मला यातलं खरं ठाऊक होतं, आणि त्याची लाज वाटते. महिन्यापूर्वी माझ्याकडे एंजलची एक खेप आजारी आली होती. त्यांच्या आतड्यात डोळ्यांना न दिसणारे परजीवी होतात. मग मासा वाळतो, घास तोंडात घेऊन थुंकतो आणि पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो. महाराजांचा माणूस आला आणि त्यातले आजारीच तेवढे मागून घेऊन गेला. "गुरुजी सेवा करत्यात," म्हणाला. ब्याद गेली म्हणून मी खूश. एका शब्दानं विचारलं नाही.

त्या खेपेतले दोन मासे माझ्याकडे उरले होते. ते दोन बरण्यांत घेऊन मी उभा राहिलो.

"महाराज, ह्यो दोरा टाकतोय. ह्याच्यात कुणाचा रोग हाय? ह्याला तर कुणी मंत्र घातला न्हाय."

"तुझाच रोग हाय त्यो, नास्तिका."

"बरं. आन ह्यो दुसरा भरला, दोरा थांबला. ह्याला मी खाद्यातनं गोळी चारलीया. मेट्रोनिडाझोल. माणसाला आव पडल्यावर देत्यात ती. आता तुमचा अंगारा जरा चाटून दावा."

"अंगारा माणसानं खाल्ला तर पाप लागतं," महाराज घाईघाईनं म्हणाले.

अक्काताईंनी सगळं ऐकलं. स्वतःची अंगाऱ्याची पुडी सोडली आणि बोट जिभेला लावलं. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"कडू हाय की," त्या म्हणाल्या. "राख एवढी कडू लागंल व्हय? गेल्या साली माझं पोट बिघडलंतं तवा डॉक्टरनं दिल्याली गोळी जिभंवर इरघळली हुती. हीच चव."

माझ्याबरोबर आलेल्या वृषभनं खिशातलं मशीन काढलं आणि तिथंच त्यांच्या बोटाचं रक्त घेऊन साखर मोजली. चारशे बारा.

"मशीन अशुद्ध हाय," महाराज म्हणाले आणि पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या दारानं सटकले. ते जात असताना दोघांनी त्यांचे पायही धरले. एक गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "ती माशाची गोळी साखरंवर चालती का वो?" मी त्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अक्काताई त्याच दिवशी दवाखान्यात गेल्या. जीव वाचला, पायाचं ते बोट मात्र कापावं लागलं. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "मासा बरा झाला ते खरंच की रं, बुद्धभूषणा."

खरंच आहे. माशाला औषध मिळालं होतं, अक्काताईंना मिळालं नव्हतं.

मंत्रानं काही होत नाही हे त्या हॉलमध्ये सगळ्यांत पक्कं माहीत होतं ते मीनानंदालाच. मासा बरा करायची वेळ आली तेव्हा त्यानं मंत्रावर विसंबून राहायचा मूर्खपणा केला नाही; गोळी कुटली आणि राखेत मिसळली. मंत्र ठेवला तुमच्यासाठी. तेव्हा असल्या माणसाचं बोलणं ऐकू नका, तो स्वतः काय वापरतो ते बघा. आणि आजारी पडलात तर डॉक्टरकडे जा.