रणगाड्यावरचा चिखल

ताई बावीस वर्षं कवळ्या बनवत होती. नुसता पांढराशुभ्र दात लगेच खोटा दिसतो. मुळाशी जरा पिवळसर, कडेला करडी झाक दिली की तो माणसाचा वाटतो, हे तिच्या बोटांत मुरलेलं होतं. म्हणूनच धाकट्या भावाने त्याचा प्लास्टिकचा रणगाडा तिच्या टेबलावर आणून ठेवला. सुटे भाग त्यानेच जोडले होते, हिरवा रंगही फवारला होता, पण दिसत होतं खेळणं.

"ताई, जरा हात फिरव याच्यावर."

ताईने तीन आठवडे हात फिरवला. स्पंजच्या तुकड्याने गडद रंग टिपून कडांचे पोपडे उडाल्यासारखे दाखवले. सैनिक पाय देऊन चढत असतील तिथला रंग घासून काढला. खिळ्यांखालून गंजाचे ओघळ ओढले, धुरांड्यामागे काजळी धरवली. चाकांत चिखल भरला, तोही अर्धा ओला, अर्धा वाळलेला.

छोट्या प्रतिकृतींच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस त्याच रणगाड्याला मिळालं. त्याच्यासमोर ठेवलेल्या कार्डावर नाव एकट्या भावाचं.

"कार्ड लहान होतं गं," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात परीक्षक आले. "जोडणी बरेच जण चांगली करतात. बक्षीस दिलंय ते या जुनेपणाला. झाकणाच्या कडेला ही लोखंडी चमक कशी आणलीत?"

"चंदेरी रंगाने," भावाने ठोकून दिलं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पेन्सिलीचं शिसं बोटाने घासलंय," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच घासलंय म्हणून."

भाऊ कसनुसं हसला. "ताई मदत करते अधूनमधून."

"मदत?" ताईचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "जोडणी तुझी, कबूल. पण गंज माझा, काजळी माझी, चिखल माझा. तीन आठवडे डोळे फोडले मी. माझ्या नावापुरती चार बोटं जागा सापडली नाही तुला?"

संयोजक मध्ये पडले. प्रमाणपत्र छापून झालंय, आता बदल होणार नाही, म्हणाले. ताईने त्यांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं आणि कार्डावर भावाच्या नावाखाली, त्याच्याएवढ्याच अक्षरात, आपलं नाव लिहिलं. खोडायची कुणाची छाती झाली नाही. परीक्षकांनी तिच्याकडून ओघळांची रीत नीट विचारून घेतली. भाऊ तोवर दाराशी जाऊन उभा होता.

आठ दिवसांनी तो नवा रणगाडा घेऊन आला. "कार्ड मोठं करून घेतो या वेळी," म्हणाला.

ताईच्या टेबलावर आधीच एक उघडं खोकं होतं. त्यातला रणगाडा तिने स्वतः जोडायला घेतला होता. एक चाक तिरकं बसलं होतं, अंगठ्याला गोंद चिकटला होता.

"ते चाक चुकलंय," भाऊ म्हणाला. "दे, मी बसवतो."

"राहू दे," ताई म्हणाली आणि चाक उपटून पुन्हा बसवायला लागली.