डायनाची फांदी

माहीमच्या गल्लीतलं घर रिकामं करायचं ठरलं तेव्हा फ्लॉरेन्सच्या डोक्यात चाफा नव्हता. पितळी हंडे होते, आईचा शिसवी पलंग होता, आणि हे सगळं उचलणार कोण हा प्रश्न होता. साठी ओलांडलेली, लग्न न केलेली, ऑफिसातून निवृत्त होऊन आईचं सगळं अंथरुणात केलेली बाई ती. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण अंगातला शीण अजून उतरला नव्हता.

चाफ्याची आठवण धाकट्या बहिणीने, वेन्डीने वसईहून फोनवर करून दिली. "फांद्या काढून ठेव गो. बिल्डर झाड काय ठेवायचा नाय."

अंगणातल्या त्या पांढऱ्या चाफ्याला घरात मान होता. पणजी लग्न होऊन माहीमला आली तेव्हा वसईच्या चर्चमागच्या झाडाची फांदी सोबत घेऊन आली होती. घरात सांगायचे की पाद्र्यांनी हे झाड जहाजातून अमेरिकेकडून आणलं, कारण तोडलेली फांदी महिनोन्‌महिने पडून राहिली तरी मरत नाही. मग ते चर्चजवळ लागलं, देवळांच्या आवारात लागलं, दर्ग्यांतही गेलं. खरंखोटं कुणी तपासलं नव्हतं. पण मे महिन्यात गल्लीतल्या क्रुसासमोर रोजरीची प्रार्थना व्हायची तेव्हा फुलं याच झाडाची असायची, आणि घरातल्या मुलीचं लग्न झालं की आई स्वतःच्या हाताने एक फांदी कापायची, चीक सुकू द्यायची आणि तिच्या सासरी पाठवायची. वेन्डीची फांदी वसईत आता कौलांच्या वर गेली होती. फ्लॉरेन्सला मिळाली नाही, तिच्या वाट्याला अख्खं झाड आलं.

थोरली डायना. तिला फांदी दिलीच नव्हती. परळच्या ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या रमाकांतशी तिने कोर्टात लग्न केलं आणि ती भोईवाड्यातल्या चाळीत राहायला गेली. आईने तिचं नाव घेणं सोडलं. वडिलांच्या आणि नंतर आईच्या मयताला डायना आली, मागच्या बाकावर बसली आणि कुणाशी न बोलता गेली. बहिणींचं बोलणं नाताळच्या फोनपुरतं उरलं होतं.

फ्लॉरेन्सने स्टुलावर उभं राहून कोयत्याने फांद्या कापल्या. हाताला चीक लागला, तो साबणाने निघेना. सामानाबरोबर फांद्याही काळाचौकीच्या भाड्याच्या खोलीत गेल्या आणि भिंतीशी वर्तमानपत्रावर पसरल्या. तिथून भोईवाडा टॅक्सी न करता जाण्याइतका जवळ. न जायला आता सबब नव्हती.

चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला होता. दार रमाकांतने उघडलं. त्याचे केस पार पांढरे झाले होते. "या, या, फ्लॉरेन्स," म्हणत त्याने तिच्या हातातलं लांबट पुडकं घेऊन डायनासमोर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेला.

डायनाने वर्तमानपत्र उलगडलं. "हे काय?"

"आपला चाफा. झाड पाडलं परवा."

डायनाने ती करडी काठी हातात फिरवून पाहिली. मग तिने विचारलं, "आईने सांगितलं होतं मला द्यायला?"

हो म्हणणं सोपं होतं. पण एकदा हो म्हटलं की कधी सांगितलं, काय शब्दांत सांगितलं, हे सगळं रचावं लागलं असतं. फ्लॉरेन्समध्ये तेवढं त्राण नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग घेऊन जा. तिने दिलं नाही ते तुझ्याकडून कशाला घेऊ?"

"माझे गुडघे दुखतात गो. मी परत नेत नाही. टाकायची तर तू टाक."

रमाकांत चहा घेऊन आला. खाली बागेत लावू या, सोसायटीला विचारतो, असं काहीतरी म्हणाला. फ्लॉरेन्सने चहा पिऊन फांदी दारामागे छत्र्यांशेजारी उभी केली आणि ती निघाली. लिफ्टमध्ये तिला रडू येईलसं वाटलं, पण नुसती जांभई आली.

पुढचं तिला रमाकांतने फोनवर सांगितलं. फांदी छत्र्यांशेजारीच होती. डायना ती टाकतही नव्हती, लावतही नव्हती. मग त्याने सोसायटीच्या सेक्रेटरी मीनाक्षीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, स्मशानातलं झाड आहे, आवारात नको. जेवताना त्याने ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. डायनाचा हात ताटातच थांबला.

"तुझी आईही हेच म्हणायची," ती म्हणाली. "त्यांच्या घरात चाफ्याचं फूल आणलेलं चालायचं नाही. तिकडे मी हिंदूकडे गेले म्हणून फांदी नाही, इकडे फांदी स्मशानातली म्हणून नको. मी करायचं काय होतं?"

दुसऱ्या दिवशी डायनाने रंगाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली, माती भरली आणि फांदी खिडकीच्या ग्रिलमध्ये लावली.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा भर दुपारी फ्लॉरेन्सचा फोन वाजला. डायना होती. नाताळ नसताना आलेला तिचा हा पहिलाच फोन.

"बुडाशी मऊ पडलीय ती. काळी झालीय."

"पावसातही पाणी घालत होतात?"

"हा घालायचा. रोज सकाळी, पेपर वाचायच्या आधी."

"कुजली मग. माझ्याकडे अजून आहेत पडलेल्या."

मग डायना म्हणाली, "मी येते न्यायला. तू नको चढउतार करूस."

ती आली, पलंगाच्या कडेला बसली. खोलीत दुसरं बसायला काही नव्हतं. भिंतीशी पडलेल्या फांद्यांतल्या एकीला टोकाशी कोंब फुटला होता. डायनाने ती उचलली, परत ठेवली.

"शेवटी आईने माझी आठवण काढली?"

"शेवटी ती कुणाचंच नाव घेत नव्हती," फ्लॉरेन्स म्हणाली. "मी रोज तिचं सगळं करायचे, तर मला नर्स म्हणायची. एकदा तर घराबाहेर जा म्हणाली."

डायनाने मान वर करून बहिणीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "तुला म्हणाली?"

"मला."

"मग काय केलंस?"

"गॅलरीत जाऊन उभी राहिले. मग आत आले. तिला भरवायचं होतं."

डायनाने उठून गॅस पेटवला, डबे उघडून चहासाखर शोधली आणि दोघींचा चहा केला. फार गोड झाला होता. फ्लॉरेन्सने तो तसाच प्यायला. कुणीतरी हातात आणून दिलेला चहा तिला कित्येक दिवसांत मिळाला नव्हता.

जाताना डायनाने दोन फांद्या पेपरात गुंडाळून नेल्या. त्यांतली एक जगली. उन्हाळ्यात तिला पानं आली, फुलं आली नाहीत. हे डायनाने फोनवरच सांगितलं. आता ती दर आठवड्याला फोन करते. पानांवर तांबेरा पडतो, मीनाक्षीबाई ग्रिलवरून वाद घालतात, रमाकांतला पाणी घालू नको म्हटलं तर तो रुसतो, अशा तक्रारी असतात. फ्लॉरेन्स फोन स्पीकरवर टाकून कांदा चिरत ऐकते आणि मधूनमधून हूं म्हणते.